विरारच्या आगीनंतर फायर ऑडिटची चर्चा झाली, पण ऑपरेशन थिएटरमधल्या गरम कपाटाकडे कोण बघतं?

२३ एप्रिल २०२१. पहाटेचे तीन वाजून गेले होते. विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर आयसीयूमध्ये कोरोनाचे १७ रुग्ण होते. आग लागली आणि थोड्याच वेळात सगळा मजला धुराने भरला. त्या दिवशी १३ रुग्णांचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. आयसीयूच्या एसी युनिटमध्ये स्फोट झाला आणि तिथून आग पसरली, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं.

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्या वर्षी भांडुप, विरार, मुंब्रा, अहमदनगर अशी हॉस्पिटलच्या आगीची रांगच लागली आणि ‘फायर ऑडिट’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला.

पण त्याच वर्षातली पहिली मोठी घटना आठवून बघा. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात १७ बाळं होती, त्यातली १० गेली. चौकशी समितीच्या अहवालाचा हवाला देऊन तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी आगीचं मूळ सांगितलं होतं. ते होतं बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधली ठिणगी.

म्हणजे जे यंत्र बाळाला गरम ठेवायला आणलं, तिथूनच सुरुवात झाली.

आजचा विषय याच घरातल्या दुसऱ्या एका यंत्राचा आहे. त्याचं नाव बातमीत येत नाही, नातेवाइकांना ते दिसत नाही आणि त्याच्यामुळे होणारी इजा बहुतेक वेळा आगीसारखी मोठी नसते. ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात किंवा रिकव्हरी रूममध्ये फ्रिजसारखं दिसणारं एक स्टीलचं कपाट असतं. फ्रिज आतलं गार ठेवतो, हे आतलं गरम ठेवतं. एका कप्प्यात ब्लँकेट, दुसऱ्यात सलाईनच्या आणि ऑपरेशनच्या वेळी पोट धुवायच्या पाण्याच्या बाटल्या. याला वॉर्मिंग कॅबिनेट म्हणतात.

मुळात हॉस्पिटलला गरम ब्लँकेट लागतं कशाला?

वसईत मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना गरम ब्लँकेट ही कल्पनाच विचित्र वाटते. पण ऑपरेशन थिएटरमध्ये बाहेरचा मे महिना नसतो. तिथे एसी जोरात असतो, रुग्णाच्या अंगावर कपडे जवळपास नसतात, स्पिरिट-बीटाडिनने त्वचा ओली केलेली असते आणि वरून खोलीच्या तापमानाचं सलाईन शिरेतून जात असतं. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाच्या शरीराचं तापमान साधारण पाव अंश सेल्सिअसने खाली आणतं. चार लिटर गेलं की एक अंश.

त्यात भूल. थंडी वाजली की आपलं शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि कापरं भरवून ऊब तयार करतं. भूल दिल्यावर ही व्यवस्था मंदावते. सिझर झालेली बाई स्ट्रेचरवर थडथडत बाहेर येते आणि नातेवाईक घाबरतात, हे दृश्य कुठल्याही मॅटर्निटी होममध्ये दिसेल. त्यामागे कमरेतून दिलेली भूल आणि उतरलेलं तापमान या दोन्ही गोष्टी असतात.

शरीराचं आतलं तापमान ३६ अंशांखाली गेलं की डॉक्टर ते गांभीर्याने घेतात, कारण प्रश्न फक्त हुडहुडीचा नाही. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेले २०० रुग्ण, अर्ध्यांना नीट ऊब दिली, अर्ध्यांना नेहमीसारखं ठेवलं. ऊब मिळालेल्यांत १०० पैकी ६ जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. गार पडलेल्यांत १९ जणांच्या. गार शरीरात रक्तही नीट गोठत नाही, त्यामुळे रक्तस्राव वाढतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त सलाईन द्यायचं असेल, तर ते ३७ अंशांपर्यंत गरम करून द्या.

तेव्हा हे कपाट म्हणजे पंचतारांकित हॉस्पिटलचा नखरा नाही. ते हवंच. भानगड ते कसं वापरलं जातं, यात आहे.

चटका नक्की कुठे बसतो?

आधी त्वचेचं गणित. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी किती तापमानाला त्वचा किती वेळात भाजते, हे मोजलं. आजही तेच आकडे वापरतात. ४४ अंशांना सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांना जेमतेम ५ सेकंद.

६० अंश म्हणजे आपण फुंकर मारत पितो तो चहा. पण ४४ अंश म्हणजे काही फार नाही. हात लावला तर ‘छान गरम आहे’ असंच वाटेल. जागा माणूस थोड्या वेळाने कूस बदलतो, पाय सरकवतो. कमरेखाली बधिर केलेला माणूस सरकवत नाही. पूर्ण भुलेत असलेल्याला कळतच नाही. ज्या मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना गेलीय तो जागा असूनही काही सांगत नाही. तान्हं बाळ रडतं, पण ते कशामुळे रडतंय, हे कोणाला कळणार?

हे लक्षात घेऊन अमेरिकेतल्या ‘एक्री’ या रुग्णसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने मर्यादा घालून दिल्या. ब्लँकेटचा कप्पा जास्तीत जास्त ५४ अंश, सलाईन आणि पाण्याचा कप्पा जास्तीत जास्त ४३ अंश. आधी ही संस्था ब्लँकेटलाही ४३ चीच मर्यादा सांगत होती. पण ब्लँकेट कपाटातून काढून रुग्णापर्यंत नेईस्तोवर गार होतं, सिस्टर मंडळींची तक्रारही हीच होती, म्हणून २००९ मध्ये ती मर्यादा वाढवली.

आता तुम्ही विचाराल, ब्लँकेटला ५४ चालतं तर सलाईनला का नाही?

कारण कापूस आणि पाणी. एक किलो पाण्यात एक किलो कापसाच्या तिपटीहून जास्त उष्णता मावते. ब्लँकेट उघडलं की ते पसरतं, हवा लागते, काही मिनिटांत त्यातली ऊब जाते. एक लिटरची सलाईनची बाटली मात्र तासभर तापलेली राहू शकते. शिवाय ती त्वचेला चिकटून बसते आणि उष्णता एकाच जागी ओतत राहते. हेच कारण ब्लँकेटच्या बाबतीतही लक्षात ठेवायचं. पसरलेलं ब्लँकेट सहसा भाजत नाही, पण घडी घालून किंवा गुंडाळी करून पायाखाली, मानेखाली ठेवलेलं ब्लँकेट आतली ऊब धरून ठेवतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा गुन्हेगार सापडतो. तो कपाट नाही. कपाटातून काढून काखेत, जांघेत किंवा पायाशी ठेवलेली गरम सलाईनची बाटली.

पेशंट थडथडतोय, सिस्टरला कळवळा येतो, ती कपाटातली बाटली काढून टॉवेलात गुंडाळून कुशीत ठेवते. हेतू शंभर टक्के चांगला. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांनी नुकसानभरपाईच्या जुन्या दाव्यांच्या फायली तपासून १९९४ मध्ये एक निबंध छापला. भुलेत असताना ऊब देण्याच्या साधनांनी भाजल्याची २८ प्रकरणं निघाली. त्यातली १८ अशीच होती, म्हणजे गरम केलेल्या सलाईनच्या पिशव्या आणि बाटल्या अंगाला लावल्याची. महागड्या यंत्रांनी भाजलेले लोक यापेक्षा कमी होते.

आपल्याकडे हे प्रकार मोजायची अशी सोय नाही, म्हणून अमेरिकेचे आकडे द्यावे लागतात. पण सलाईनच्या बाटलीला ‘गरम पाण्याची पिशवी’ करायची सवय काही अमेरिकेची मक्तेदारी नाही.

कपाट नसेल तर बादली

छोट्या नर्सिंग होममध्ये कपाटावर खर्च करणं परवडत नाही. मग जुगाड होतो. गरम पाण्याच्या बादलीत बाटल्या बुडवून ठेवणं, हीटरसमोर ठेवणं, मायक्रोवेव्हमध्ये फिरवणं.

बादलीत पाणी किती गरम आहे ते कोणी मोजत नाही, बाटलीच्या तोंडाशी बादलीतलं पाणी लागतं आणि ते निर्जंतुक नसतं. मायक्रोवेव्हची गोष्ट आणखी वाईट. त्यात एकसारखं गरम होत नाही. घरी गरम केलेल्या भाजीचा एक घास तोंड पोळतो आणि दुसरा गारच असतो, तसंच बाटलीत होतं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात रुग्णाला द्यायचं रक्त मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं गेलं. रक्तपेशी फुटल्या आणि ते रक्त दिल्यावर रुग्ण दगावला. त्यामुळे रक्त गरम करायचं झालंच, तर त्यासाठी बनवलेल्या यंत्रातूनच. वॉर्मिंग कॅबिनेटमध्येसुद्धा रक्ताची पिशवी ठेवायची नसते.

खरं तर शिरेतून द्यायच्या सलाईनसाठी कपाट हा अर्धाच उपाय आहे. चाळीस अंशांची बाटली स्टँडला लावली आणि थेंब-थेंब सोडली, तर लांब नळीतून येईपर्यंत ते पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला येतं. त्यासाठी नळीवरच बसणारा फ्लुइड वॉर्मर मिळतो. घाईघाईने एक-दोन लिटर द्यायचं असेल तेव्हा कपाटातली बाटली कामाची, हळू चालणाऱ्या सलाईनसाठी नाही. बजेट मोजकं असलेल्या हॉस्पिटलने मोठं कपाट घेण्याआधी याचा हिशेब करायला हरकत नाही.

बाटलीची एक्सपायरी दोन असते

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बाटलीवर छापलेली तारीख ही बाटली सांगितलेल्या तापमानाला ठेवली तर लागू होते. गरम कपाटात ठेवल्या क्षणापासून दुसरं घड्याळ सुरू होतं. प्लास्टिकमधून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते, आतलं द्रावण दाट होत जातं, औषधी घटकांवर परिणाम होतो. बॅक्स्टर या कंपनीची आपल्या सलाईनच्या पिशव्यांबद्दलची सूचना अशी, की १५० मिलिलिटर किंवा त्याहून मोठी पिशवी बाहेरच्या वेष्टनासकट ४० अंशांपर्यंत, जास्तीत जास्त १४ दिवस. दुसऱ्या कंपनीचा नियम दुसरा असू शकतो, म्हणून ज्या कंपनीची बाटली तिचीच सूचना पाहायची.

म्हणजे प्रत्येक बाटलीवर ती कपाटात कधी ठेवली याची तारीख पेनने लिहिलेली हवी. नवी बाटली मागे, जुनी पुढे. किराणा दुकानदार दुधाच्या पिशव्यांना जे करतो, तेच. एकदा बाहेर काढून गार झालेली बाटली पुन्हा आत सरकवायची नाही. हे न करता महिनाभर कपाटात पडलेल्या बाटल्या हा सगळ्यात सहज पकडता येणारा आणि सगळ्यात सहज दुर्लक्षित होणारा घोळ आहे.

आणखी एक घोळ म्हणजे एकच बटण. काही स्वस्त कपाटांत दोन कप्पे आणि थर्मोस्टॅट एक असतो. ब्लँकेट गरम वाटत नाही म्हणून कोणीतरी आकडा वाढवतं आणि खालच्या कप्प्यातल्या बाटल्याही त्याच आकड्याला जातात. दोन कप्प्यांना दोन वेगळी नियंत्रणं नसतील, तर अशा कपाटात ब्लँकेट आणि बाटल्या एकत्र ठेवूच नयेत. किंवा मग आख्खं कपाट बाटल्यांच्या मर्यादेवर ठेवायचं.

आता वसई-विरारचं बघू

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतून दिसतं. पालिकेकडे वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचं रुग्णालय आहे. पण एवढ्या लोकसंख्येच्या बाळंतपणांचा, हर्नियांचा, अपेंडिक्सचा मोठा भार खासगी नर्सिंग होमवर आहे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम, वर फ्लॅट अशी त्यांची रचना. जागा कमी, वायरिंग इमारतीचंच, प्लगपेक्षा यंत्रं जास्त.

त्यात वीज. पावसाळ्यात ती कधी जाईल याचा भरवसा नाही. जुलै २०१८ च्या पुरात तर इथल्या मोठ्या भागाला अंधारात राहावं लागलं होतं. कपाटाच्या दृष्टीने वीज जाणं ही अडचण आहेच, पण वीज परत येणं ही त्याहून मोठी. कमी-जास्त दाबाने थर्मोस्टॅटचा सेन्सर बिघडला, तर बाहेरच्या डिस्प्लेवर ४० दिसतं आणि आत काही वेगळंच चाललेलं असतं. म्हणून डिस्प्लेवर विसंबून न राहता आत एक स्वतंत्र थर्मामीटर ठेवून रोज वहीत आकडा लिहायचा असतो.

ही वही कोण तपासतं?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली आगरोधक यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. हाच तो फॉर्म बी. तो पाइप, पंप, सिलिंडर, अलार्म यांच्याबद्दल बोलतो. कपाटातल्या बाटलीचं तापमान हा त्याचा विषय नाही. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते, तिचे नियम २०२१ मध्ये कडक झाले, पण त्यांचा भर जागा, मनुष्यबळ, दरपत्रक आणि रुग्णहक्कांवर. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ हे उपकरण बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर लक्ष ठेवतात. उपकरण हॉस्पिटलात आल्यानंतर ते दरवर्षी तपासून घेण्याचा आग्रह ‘एनएबीएच’ मानांकन धरतं, आणि ते ऐच्छिक आहे.

थोडक्यात, आग लागू नये म्हणून एक खातं, उपकरण विकताना दुसरं, नोंदणीला तिसरं. रोजच्या वापराचा मधला तुकडा हॉस्पिटलच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेला. सरकारी हॉस्पिटलांमध्येही चित्र काही फार वेगळं नव्हतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशातल्या २९,११५ सरकारी आरोग्य केंद्रांमधल्या उपकरणांची मोजणी केली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद पडलेली निघाली. पूर्ण बंद पडलेलं यंत्र निदान ओळखू तरी येतं. चालू असून चुकीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राची मोजणी त्यात नाही.

आग आणि चटका हे वेगळे विषय नाहीत

हीटर असलेलं कुठलंही यंत्र ओटीत उभं असेल, तर त्याच्याबद्दल आगीचाही विचार करावाच लागतो. कपाट एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचं नाही, त्याला भिंतीतला स्वतंत्र अर्थिंगचा प्लग हवा. जाळीवर ब्लँकेट कोंबून हवेची वाट अडवायची नाही, कारण मग हीटरजवळ तापमान वाढत राहतं आणि सेन्सरजवळ कमी दिसतं. कपाटाच्या डोक्यावर स्पिरिटच्या आणि सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवायची सवय मोडायला हवी. स्पंज, प्लास्टिकचे ट्रे, स्टाफचा डबा यातलं काहीही आत गरम करायचं नाही. डब्याचा उल्लेख गंमत म्हणून केलेला नाही.

आयसीयूत ऑक्सिजन सतत चालू असल्याने हवेतलं त्याचं प्रमाण वाढू शकतं आणि मग एरवी विझली असती अशी ठिणगीही पेट घेते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या मेडिकल कॉलेजमध्ये नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. भंडाऱ्यानंतर जवळपास चार वर्षांनी, तोच कक्ष, तेवढीच बाळं.

नातेवाइकांच्या हातात काय आहे?

ओटीत जाऊन कपाट तपासायला तुम्हाला कोणी सोडणार नाही, आणि सोडूही नये. पण ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटतात, तेव्हा ‘डॉक्टर, पेशंटला गरम ठेवायला काय वापरता?’ एवढं विचारता येतं. रुग्णाला मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर तो त्याच वेळी सांगा. ऑपरेशननंतर वॉर्डात आणल्यावर पांघरुणाखाली गरम बाटली किंवा पिशवी ठेवलेली दिसली, तर सिस्टरला नम्रपणे ती काढायला सांगा आणि साधं जास्तीचं ब्लँकेट मागा. घरून आणलेली गरम पाण्याची पिशवी तर बधिर पायाला लावूच नका. हे काम आपल्याकडे आजी-मावशी मायेपोटी हटकून करतात.

भूल उतरल्यावर पाठीवर, काखेत, मांडीवर किंवा टाचेवर न जाणारी लाली, फोड दिसला तर लगेच दाखवा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं गार पाणी हा प्रथमोपचार आहे, पण टाके आणि ड्रेसिंग जवळ असेल तर तो सिस्टर-डॉक्टरांनाच करू द्या. टूथपेस्ट आणि हळद नको. केसपेपरवर त्याची नोंद करायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच २००२ पासून लिहिलंय.

उपकरणामुळे इजा झाली असेल तर ती कळवायची सरकारी यंत्रणा २०१५ पासून आहे. तिचं नाव मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, ती गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते आणि टोल-फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. तक्रार फक्त डॉक्टरनेच करावी असं नाही, रुग्णही करू शकतो. सलाईनच्या बाटलीने बसलेला चटका तिथे क्वचितच पोहोचतो. ‘भुलेत कुठेतरी घासलं असेल’ असं म्हणून तो डिस्चार्जच्या कागदातच राहून जातो.